हाताच्या सर्जरीवर रिसर्च करायचाय, पण एमबीबीएस नाही मिळणार, मग काय?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. इचलकरंजीत मागावर काम करताना मिस्टरांच्या बोटाची शीर (बोट हलवणारी दोरी, म्हणजे टेंडन; रक्ताची शीर नव्हे) तुटली, ऑपरेशन त्यांना पूर्ण भूल न देता केलं आणि मधेच डॉक्टर म्हणाले "बोट हलवा बघू", हे ऐकल्यापासून लेकीच्या डोक्यात एकच, की यावरच रिसर्च करायचा. नीटला मार्क एवढेच की सरकारी एमबीबीएसची आशा नाही आणि प्रायव्हेटची फी झेपणारी नाही. नातेवाईक म्हणतात ऑक्युपेशनल थेरपी (दुखापतीनंतर माणसाला रोजची कामं परत करता यावीत म्हणून देतात ते उपचार) घेऊन काय करणार, त्यापेक्षा वर्षाचा क्लिनिकल रिसर्च, म्हणजे पेशंटवरच्या उपचारांच्या चाचण्यांचा, डिप्लोमा करून टाक. तर मी आधीच सांगतो, मला नातेवाईकांचं अजिबात पटलेलं नाही.

आधी ते "बोट हलवा" काय होतं ते बघा. अशा ऑपरेशनमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आणि अ‍ॅड्रेनॅलिन हे रक्तवाहिन्या आकसवणारं औषध एकत्र करून हातातच इंजेक्शन देतात, मग साधारण अर्धा तास थांबतात म्हणजे रक्तस्राव कमी होतो, दंडाला आवळपट्टी बांधावी लागत नाही आणि तिचं दुखणंही नाही. पेशंट जागा असल्यामुळे शीर शिवल्यावर त्यालाच बोट हलवायला सांगतात, टाक्यात फट पडतेय का, शीर कुठे अडकतेय का हे जखम बंद करायच्या आधीच दिसतं. आता गंमत अशी की बोटात अ‍ॅड्रेनॅलिन द्यायचं नाही, बोट काळं पडेल, असं डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्यांना शिकवलेलं. कॅनडाचे डोनाल्ड लालोंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 3,110 पेशंटची नोंद छापली, त्यात एकाचंही बोट गेलं नव्हतं. अर्थात ज्यांच्या बोटांचा रक्तपुरवठा आधीच खराब आहे त्यांच्याबाबत सांभाळूनच राहावं लागतं आणि फेंटोलामिन हा त्या औषधाचा उतारा हाताशी ठेवतात. पण ओळीने प्रत्येक पेशंटची नीट नोंद ठेवली म्हणून जुनी भीती हलली, आणि लेकीला जे करायचंय ते हेच काम आहे.

आता मुद्द्याचं. अशा अभ्यासात भूल देणारा आणि सर्जन लागतोच, ते इंजेक्शन द्यायचं तर एमबीबीएस आणि पुढे एमडी किंवा सर्जरीची डिग्रीच पाहिजे, तिथे शॉर्टकट नाही हे लेकीला स्पष्ट सांगा. पण कुठली भूल बरी, कुठली शिलाई बरी याचं उत्तर शेवटी कशावर ठरतं? तीन महिन्यांनी बोट किती अंश वाकतं, मूठ किती किलोने आवळते, बोटाच्या टोकाला दोन टोचण्या वेगळ्या कळतात का, माणूस डब्याचं झाकण उघडू शकतो का. कोन मोजायचा गोनिओमीटर, पकडीची ताकद मोजायचा डायनॅमोमीटर, हाताने रोजची कामं किती जमतात हे विचारणारी डॅश नावाची 30 प्रश्नांची प्रश्नावली, हे सगळं बहुतेक वेळा थेरपिस्टच्या हातात असतं. शिवलेली शीर कधी, किती हलवायची, स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, कसा करायचा हेही तिथेच, आणि लवकर हलवली तर तुटायची भीती, उशीर केला तर चिकटायची, त्यामुळे यावर अजून वाद चालूच आहे आणि म्हणून रिसर्चलाही भरपूर जागा आहे. मापच चुकीचं घेतलं तर कितीही मोठ्या सर्जनचा पेपर फुकट आहे ताई, म्हणून या कामाला मी कमी मानत नाही.

आपल्याकडे हे शिक्षण काही कालचं नाहीये. मुंबईत केईएमला 1950 मध्ये कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. आज केईएम, सायन, नायर आणि नागपूरचं मेडिकल इथे हा कोर्स आहे, अ‍ॅडमिशन नीटवरूनच, स्टेट सीईटी सेलमार्फत. इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं लागतात, नंतर मास्टर्सला प्रबंध करावाच लागतो, आणि तिथे तिने हाताचाच विषय धरावा. फिजिओथेरपी मिळाली तरी रस्ता बंद होत नाही, पण स्प्लिंट आणि रोजच्या कामातला हात यात ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांचा हात जास्त बसलेला असतो म्हणून माझा कल तिकडे.

त्या वर्षाच्या डिप्लोमाबद्दल, बारावीनंतर लगेच तर मुळीच नको. त्यातून ट्रायलची कागदपत्रं, पेशंटची संमती, एथिक्स कमिटीचे नियम शिकता येतात, ते वाईट नाही, पण मूळ डिग्री नसेल तर फाईल सांभाळण्यापुढे जाता येत नाही. डिग्रीनंतर वाटलं तर करू दे, तेव्हा त्याचा खरंच उपयोग होईल.

आता सुट्टीत तिला एक काम द्या. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, म्हणजे सीटीआरआय, ही वेबसाईट सगळ्यांना फुकट बघता येते, 2009 पासून आपल्याकडे ट्रायलची नोंद तिथे करावीच लागते. हाताच्या सर्जरीचे दहा-बारा अभ्यास काढून प्रत्येकात काय मोजलंय आणि प्रमुख संशोधकाची डिग्री काय आहे एवढं वहीत लिहू दे. आणि मिस्टर व्यायामाला जातात तिथल्या थेरपिस्टना विचारून एक सकाळ तिला तिथे बसू द्या, म्हणजे वीसाव्यांदा तेच बोट मोजायचा तिला कंटाळा येतो का ते कळेल. कॉलेजचे ऑप्शन भरायच्या आधी यादी मला पाठवा, आपण क्रम एकत्र बसून लावू.