मोर राहू दे, शर्टाचा वास लिही : निबंधाच्या सरावाविषयी प्रश्नोत्तरे

सहामाहीचे पेपर घरी आले की पालकांचे फोन सुरू होतात, आणि त्यातले निम्मे निबंधाबद्दल असतात. ३५ वर्षं हायस्कूलात मराठी शिकवून मी निवृत्त झालो, माझी लाल शाई मात्र अजून झालेली दिसत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आलेले काही प्रश्न या वेळी घेतो.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, मराठी माध्यम. वीस निबंध पाठ करून घेतलेत. चाचणीत विषय आला ‘श्रमाचे महत्त्व’, आणि यानं पाठ असलेला ‘माझा आवडता सण’ घुसवून टाकला. पाठ करणं बंद करू का? – एक आई, वडगाव

ताई, बंदच करा. पेपर तपासणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. गठ्ठ्यातल्या तिसऱ्या पेपरात तीच सुरुवात, तोच सुविचार, तोच शेवट दिसला की कुठलं गाईड ते कळतं. चौथ्या पेपरापासून तपासणारा वाचत नाही, नुसता बघतो.

निबंध तयार ठेवू नका, माल तयार ठेवा. तुम्ही लिहिलंय की घरात दोन यंत्रमाग आहेत आणि मुलगा शाळेतून आल्यावर कांड्या भरतो. मग त्याला आठ-दहा ओळींत एवढंच लिहू द्या : माग चालू असताना घरात बोलायचं तर किती ओरडावं लागतं, धागा तुटला की वडील काय करतात, धोटा अडकला की काय होतं, लाईट गेल्यावर घर एकदम कसं गप्प होतं. हा माल ‘श्रमाचे महत्त्व’ला चालतो. ‘माझे वडील’ला चालतो. ‘यंत्रमागाचे आत्मवृत्त’ आणि ‘वीज नसती तर’ यांनाही चालतो. असे पाच साठे त्याच्या वहीत असू द्या : एक जागा, एक माणूस, एक घडलेली गोष्ट, एक वस्तू आणि स्वतःचं एक ठाम मत. विसापेक्षा पाच सोपे, आणि पाचही त्याचे स्वतःचे.

प्रश्न : सर, ‘मी अनुभवलेला पाऊस’ माझा आठ ओळींत संपतो. कितीही विचार केला तरी पुढं सुचत नाही. निबंध सोबत पाठवलाय. – नववीतला विद्यार्थी, जांबोटीजवळचं एक गाव

तुझा निबंध वाचला. ‘पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. पाऊस पडला की सृष्टी हिरवा शालू नेसते. मोर थुईथुई नाचतात. बळीराजा सुखावतो.’ पोरा, मोर तू शेवटचा नाचताना कधी पाहिलास? हिरवा शालू तर गेली पन्नास वर्षं प्रत्येक वहीत नेसवला जातोय, आता विरून गेला असेल.

तू राहतोस तिथं पाऊस चार-चार महिने मुक्कामाला असतो. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला आठ ओळी पुरतील, तुला पुरायचं कारण नाही. म्हणून मी तुला फोनवर पाच प्रश्न विचारले. लाईट किती दिवस गेली होती? एसटी कुठल्या ओढ्याला थांबली? रोप लागवडीला कोण कोण वाकलं होतं? घरात कुठं गळत होतं आणि खाली कुठलं भांडं ठेवलं होतं? कपडे कुठं वाळवले? शेवटच्या प्रश्नाला तू जे बोललास ते तसंच लिहायला सांगितलं, आणि तू लिहून पाठवलंस :

‘आठवडाभर कपडे वाळले नाहीत. आईनं चुलीच्या वर दोरी बांधली. माझ्या शाळेच्या शर्टाला धुराचा वास यायला लागला. मला लाज वाटली म्हणून मी शेवटच्या बाकावर बसलो. मग कळलं, सगळ्या वर्गालाच तो वास येतोय.’

या पाच वाक्यांत एकही अलंकार नाही, पण पाऊस आहे, घर आहे, आई आहे, लाज आहे आणि ती लाज गेलेलीही आहे. मी तपासत असतो तर इथं पेन खाली ठेवलं असतं. आता एकच कर : जिथं ‘आनंद होतो’, ‘मजा येते’, ‘सुंदर दिसते’ असं लिहिलंयस तिथं थांब आणि स्वतःला विचार, नेमकं काय दिसलं? उत्तर आलं की ते लिही आणि ‘सुंदर’ खोडून टाक. आठाच्या पंचवीस ओळी होतात की नाही बघ.

आणखी एक. तुझ्या वहीत मागं ‘नदीचे आत्मवृत्त’ आहे, त्यात नदी हिमालयातून निघालीय. अरे, मलप्रभा तुझ्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, खानापूरवरून पुढं सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात अडते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. दारातली नदी सोडून गंगेला कशाला बोलावलंस?

प्रश्न : आम्ही घरी बेळगावी मराठी बोलतो. निबंधात ‘मी गेलो’ लिहिलं तर बाई लाल शाईनं ‘गेले’ करतात. मी मुलगी आहे म्हणून. आमची भाषा चुकीची आहे काय? – आठवीतली विद्यार्थिनी, येळ्ळूर

चुकीची मुळीच नाही. आपल्याकडे बायका-मुली सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, माझी आई जन्मभर तसंच बोलली. पण शाळेची मराठी हा गणवेश आहे. शाळेत घालायचा, घरी आल्यावर काढायचा. निबंधात तू सांगत असतेस तिथं ‘गेले’ लिही, कारण तो पेपर वाचणारा कुठला आहे तुला ठाऊक नाही.

मात्र माणसं बोलतात तिथं त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू दे. ‘आजी म्हणाली, पाऊस येऊलालाय, भांडी आत आण गे’ हे वाक्य ‘आजीने मला पावसाची कल्पना दिली’ यापेक्षा शंभर पटीनं जिवंत आहे. अवतरणचिन्हं विसरू नकोस. ती असली की बाईंनाही कळतं, तू चुकली नाहीस, तू मुद्दाम लिहिलंयस. तरीही त्यांनी खोडलं तर हे सदर दाखव, भांडण मी बघतो.

प्रश्न : ऱ्हस्व-दीर्घामुळं मुलाचे गुण जातात. सोपा उपाय? – एक वडील, खानापूर

सगळे नियम एकदम नकोत. बहुतेक वह्यांत लाल शाई दोनच जागी जास्त सांडते. पहिली : शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ, म्हणजे नदी, पाटी, लाडू. दुसरी जास्त महत्त्वाची. विहीर, गरीब, वकील, फूल यांत शेवटच्या आधीचं अक्षर दीर्घ असतं, पण प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं : विहिरीत, गरिबाला, वकिलाने, फुलांचा. काही शब्दांत तर तो उकार उडूनच जातो : तांदूळ पण तांदळाचा, लाकूड पण लाकडाचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला दाद देत नाहीत, म्हणून शरीर – शरीराला, गीत – गीतात.

रोज स्वयंपाकघरातले पाच शब्द घ्या आणि प्रत्यय लावून लिहून घ्या. मीठ – मिठात, पीठ – पिठाचा. महिनाभर एवढंच. मुलाला भूक लागलेली असताना घेतलं तर लवकर होतं, हा माझा अनुभव.

प्रश्न : ‘सीमाभागातील जीवन’ असा विषय आला तर सीमाप्रश्नावर लिहावं की टाळावं? – दहावीचा विद्यार्थी, निपाणी

टाळायचं कारण नाही, पण घोषणा लिहू नकोस. वैचारिक निबंधात आवाज चढला की मुद्दा खाली बसतो. तारखा पक्क्या हव्यात : राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६, सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ साली नेमला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा केला २००४ साली. मग तुझ्या गल्लीत ये. १ नोव्हेंबरला इथं कुणाचा राज्योत्सव असतो आणि कुणाचा काळा दिवस, त्याच दिवशी तुझा कन्नड मित्र आणि तू काय करता? दुकानाची पाटी तू कोणत्या लिपीत आधी वाचतोस? कन्नडच्या तासाला काय जमतं, काय जमत नाही? हे लिहिलंस तर तो निबंध दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. समोरच्या बाजूचं म्हणणंही दोन ओळींत प्रामाणिकपणे मांड, त्यानं तुझं म्हणणं दुबळं होत नाही.

प्रश्न : मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मराठी निबंध लिहिते, पण ‘मी एक छान वेळ घालवला’ अशी वाक्यं येतात. – एक वडील, टिळकवाडी

ती इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवतेय, बाकी काही नाही. आठवड्यातून दोनदा तिला लिहायला बसवू नका, बोलायला बसवा. सहलीत काय झालं ते आजीला सांगायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग तेच ऐकून तिनं उतरवायचं. आजीशी बोलताना ‘छान वेळ घालवला’ कुणी म्हणत नाही, ‘लई मज्जा आली’ म्हणतं. तिथून पुढं दुरुस्ती सोपी आहे.

प्रश्न : पेपरात निबंधाला वेळच उरत नाही. – दहावीची विद्यार्थिनी, चिकोडी

एसएसएलसीला, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, पेपर वाचायला पहिली १५ मिनिटं मिळतात, त्यातच निबंधाचा विषय पक्का कर. पेन हातात आल्यावर उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं चार शब्द टाकून ठेव, उदाहरणार्थ ‘दोरी, शर्ट, बाक, वास’. निबंधाला हात घालशील तेव्हा सांगाडा तयार असेल. घरी सरावाला घड्याळ लावूनच बस, नाहीतर तो सराव नाही, करमणूक आहे.

प्रश्न : माझ्या वर्गात ४८ मुलं. दर आठवड्याला निबंध तपासायचा कसा? – एक शिक्षिका, बेळगाव तालुका

बाई, सगळं तपासू नका. मी ते बरीच वर्षं केलं, डोळ्यांचा नंबर वाढला, मुलांचे निबंध तसेच राहिले. एका आठवड्याला फक्त सुरुवातीचा परिच्छेद, पुढच्याला फक्त ऱ्हस्व-दीर्घ, त्यानंतर फक्त संवाद. बाकीच्या चुका दिसल्या तरी हात आवरा, हे सगळ्यात अवघड. आणि दर शनिवारी एका मुलाचा एकच चांगला परिच्छेद वर्गात मोठ्यानं वाचा, नाव न सांगता. कुणाचा आहे ते पाचव्या मिनिटाला सगळ्या वर्गाला कळतंच.