बायोस अपडेट चालू असताना वीज गेली, आता स्क्रीन काळी राहते; मदरबोर्ड बदलावाच लागेल का?

बहुधा नाही. अपडेट अर्धवट राहिले की आठ पायांच्या फ्लॅश चिपमधला फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू करणारा बायोस प्रोग्राम, बिघडतो. बोर्ड सहसा शाबूत असतो, म्हणूनच पंखा फिरतो. बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काढून सीमॉस (बायोसच्या सेटिंग्ज साठवणारी मेमरी) रिकामे करण्याचा सल्ला सगळेच देतात, परंतु त्याने केवळ सेटिंग्ज पुसल्या जातात, फर्मवेअर दुरुस्त होत नाही.

बोर्डाच्या मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचे (संगणक सुरू होत नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस लिहिणारे) बटण आहे का ते आधी पाहावे. असल्यास दुसऱ्या संगणकावर नेमक्या त्याच मॉडेलची फाइल डाउनलोड करून, ती फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर उत्पादकाने सांगितलेल्या नावानेच ठेवावी, पेनड्राइव्ह ठरलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावावा आणि बटण काही सेकंद दाबून धरावे. फाइलचे नाव एका अक्षराने जरी चुकले तरी काम अडते. दिवा लुकलुकत असेपर्यंत कशालाही हात लावू नये.

कोपरखैरण्यात पहिल्याच पावसात वीज गेली तेव्हा माझ्या जुन्या बोर्डाला असे बटण नव्हते. (यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच संपलेली.) ठाणे स्टेशनजवळच्या एका कारागिराने चिमट्यासारखी क्लिप चिपवर बसवली, सीएच३४१ए प्रोग्रामरने (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या छोट्या उपकरणाने) आधी जुन्या मजकुराची प्रत घेतली आणि मगच नवी फाइल लिहिली. त्याने आधी भिंगातून चिपचा क्रमांक वाचला होता, कारण काही चिप ३.३ ऐवजी १.८ व्होल्टच्या असतात आणि जास्त व्होल्टेजने त्या जळू शकतात. तुम्हीही दुकानात हे आवर्जून विचारावे.