मोठं चांदीचं नाणं घ्यावं का, तू विचारलंस म्हणून

तुझा मेसेज मिळाला. फोनवर हे बोलणं अर्धवट राहतं आणि यात थोडी आकडेमोड आहे, म्हणून लिहूनच पाठवतोय, सावकाश वाच.

पाच औंसाची, दहा औंसाची, किलोची ती तळहाताएवढी स्मारक नाणी गुंतवणूक म्हणून घ्यावीत का, हा तुझा प्रश्न. माझं उत्तर बहुतेक वेळा "नको" असंच आहे. पण नुसतं नको म्हटलं की तुझं समाधान होत नाही हे मला माहितीय, तर कारण सांगतो.

असं नाणं घेताना आपण एकाच किमतीत दोन वस्तू घेत असतो. एक चांदी, आणि दुसरी त्याच्यावरची गोष्ट, म्हणजे कुठलंतरी शंभरावं वर्ष, ऑलिम्पिक, राजघराण्यातलं लग्न, सुंदर डिझाइन, मखमली डबी, सही केलेलं सर्टिफिकेट वगैरे. चांदीला जगात कुठेही गिऱ्हाईक आहे. गोष्टीला गिऱ्हाईक तेव्हाच जेव्हा त्याच गोष्टीवर जीव असलेलं दुसरं कोणीतरी सापडतं, आणि आपल्याला पैशाची नड असते तेव्हा नेमकं ते सापडत नाही. मग डीलर नाणं काट्यावर टाकतो आणि रद्दीवाला पुस्तक घेतो तसं घेतो, आत काय छापलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आता गणित. समज नाण्यात १०० ची चांदी आहे आणि तुला ते १६० ला मिळतंय, म्हणजे प्रीमियम ६० टक्के, मिंटकडून, म्हणजे टांकसाळीकडून, डबीसकट येणाऱ्या कलेक्टर नाण्यांना एवढा प्रीमियम काही विशेष नाही. विकताना डीलर स्पॉट रेटपेक्षा, म्हणजे चांदीच्या त्या वेळच्या बाजारभावापेक्षा, ५ टक्के कमी देतो असं धरू. म्हणजे आज घेऊन आजच विकलंस तर हातात ९५. तुझे १६० नुसते परत यायला चांदी जवळजवळ ६८ टक्के वर जायला हवी, तोवर नफा शून्य, आणि तेवढ्याच वेळात ज्याने साधा बार, म्हणजे चांदीची वीट, घेतला तो कधीच फायद्यात गेलेला असतो. जिथे चांदीच्या खरेदीवर टॅक्स लागतो तिथे हे अजून वाईट होतं कारण विकताना तो कोणी परत देत नाही.

हो, आणि नाण्यांचा औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम, किराणा मालाचा २८.३५ वाला नव्हे. शुद्धता पण बघायची, ९९९ आहे की ९२५, कारण ९२५ मध्ये साडेसात टक्के दुसरा धातू असतो आणि त्याचा भाव कोणी देत नाही.

"मर्यादित आवृत्ती" या शब्दांवर जाऊ नकोस. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकसाठी कॅनडाने ५ आणि १० डॉलरची मिळून २८ चांदीची नाणी काढली, १० डॉलरचं नाणं साधारण ४८.६ ग्रॅमचं, स्टर्लिंग म्हणजे ९२५ चांदीचं. दिसायला छान, प्रसंग मोठा, लोकांनी सेटच्या सेट घेऊन जपून ठेवले. आणि सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे आज ती कुठेही मिळतात आणि बहुतेक वेळा चांदीच्या वजनावरच विकली जातात. जे सगळे जपतात ते दुर्मिळ कसं होणार सांग.

दुसरा घोळ म्हणजे नाण्यावर छापलेली किंमत. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०१३ पासून काही वर्षं २०, ५० आणि १०० पाउंडाची चांदीची नाणी छापील किमतीलाच विकली. लोकांना वाटलं यात नुकसान होऊच शकत नाही, चांदी पडली तरी बँकेत जाऊन १०० चे १०० घेऊ. पण १०० वाल्या नाण्यात चांदी होती २ औंस, तेव्हाच्या भावाने साधारण २० पाउंडाची, आणि लोक ती भरायला बँकेत गेले तर बँका घेईनात. कायदेशीर चलन असलं म्हणून ते घेणं बँकेवर बंधनकारक नाही हे तेव्हा बऱ्याच जणांना कळलं. उलट टोक बघ, अमेरिकेच्या पाच औंसाच्या नाण्यावर किंमत छापलीय पाव डॉलर! म्हणजे छापील आकडा दोन्हीकडे सोडूनच द्यायचा.

या अमेरिकन मालिकेचं उदाहरण तुझ्या कामाचं आहे म्हणून जरा थांबतो. "अमेरिका द ब्यूटिफुल", २०१० ते २०२१, एकूण ५६ डिझाइन, ३ इंच व्यास, ९९९ चांदी. पहिल्या वर्षी प्रत्येक डिझाइनची बुलियन नाणी, म्हणजे मुख्यतः धातूसाठी घेतात ती, फक्त ३३,००० होती आणि एवढी मागणी की मिंटने डीलर्सना प्रीमियमवर मर्यादा घातली, एका घराला एकच असा नियम केला. पुढे उत्साह ओसरला आणि काही नाणी पहिल्या वर्षापेक्षाही कमी निघाली, पण म्हणून ती सगळी महाग झाली का, तर नाही. २०१२ चं हवाई व्होल्कॅनोजचं मात्र इतरांपेक्षा बरंच वर जातं, कारण अख्खा सेट करणाऱ्यांना ते लागतंच आणि पुरेसं नाहीये. कमी काढलेलं नाणं आणि लोकांनीच कमी घेतलेलं नाणं कागदावर सारखंच दिसतं, म्हणून मिंटेजचा, म्हणजे किती नाणी काढली त्याचा, आकडा एकटा बघून काही कळत नाही, त्याच्यामागे धावणारे किती आहेत ते बघावं लागतं आणि ते आधी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

आकार मोठा म्हणून फायदा जास्त, असंही नाही. बारमध्ये वजन वाढलं की औंसामागचा खर्च कमी होतो, स्मारक नाण्यात बऱ्याचदा उलटं, मोठ्या नाण्याचा थाटच विकला जातो. आणि किलोचं नाणं अर्धं कापून विकता येत नाही. एक औंसाची तीस-बत्तीस साधी बुलियन नाणी असतील तर लागतील तेवढीच काढता येतात आणि घेणारेही खूप.

चांदीचं म्हणशील तर ती स्वतःच लहरी. जानेवारी १९८० मध्ये हंट बंधू या अमेरिकन धनाढ्य भावांच्या साठेबाजीत औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली, १९९१ मध्ये ४ डॉलरच्याही खाली होती. एप्रिल २०११ मध्ये परत ४९ च्या आसपास, मार्च २०२० मध्ये १२ च्या खाली. ५० च्या वर टिकायला २०२५ उजाडावं लागलं, आणि त्या पंचेचाळीस वर्षांत महागाई किती झाली ते तूच मोज. अर्ध्याहून जास्त मागणी इंडस्ट्रीची आहे, सोलर पॅनल, इलेक्ट्रॉनिक्स, त्यामुळे भाव कारखान्यांच्या तालावर पण हलतो. अशा वस्तूवर वरून ६० टक्के ओझं कशाला चढवायचं?

तरी घ्यावंसं वाटलं, म्हणजे डिझाइन आवडलं, ती घटना जवळची वाटली, तर खुशाल घे, पण तो पैसा हौसेच्या खात्यात लिही. घेण्याआधी दोन-तीन डीलरना विचार, "हेच नाणं मी विकायला आणलं तर काय द्याल?" ते देतात ती किंमत खरी, बाकी कॅटलॉगमधली. वजन आणि माप दोन्ही तपास, चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, त्यामुळे मुलामा दिलेलं नकली नाणं एकतर हलकं भरतं नाहीतर जाड निघतं. चुंबक चिकटला तर विषयच संपला. नाणं पुसायचं नाही, पॉलिश तर अजिबात नाही, काळं पडलं तरी राहू दे, आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नको, हिरवट चिकट थर येतो. डबी आणि सर्टिफिकेट टाकून देऊ नकोस, कलेक्टर ते मागतो.

राहिलं तू फोटो पाठवलेलं ते नाणं. फोटो मोठा करून बघ, ब्रोशरच्या खाली बारीक अक्षरात "सिल्व्हर लेयर्ड" लिहिलंय आणि वजन-शुद्धता कुठेच दिलेली नाही. म्हणजे आत दुसराच धातू आणि वर चांदीचा पातळ थर, वरचं सगळं गणित त्याला लागूच होत नाही. ॲडव्हान्स दिला नसशील तर देऊ नको, दिला असशील तर आजच फोन करून कॅन्सल कर.