सासूबाई डॉक्टरांना नुसतं ‘हूं’ म्हणतात

प्रश्न: ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. सासूबाई ६४ वर्षांच्या, शुगरच्या दोन गोळ्या चालू आहेत, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. बेळगावातले डॉक्टर कन्नड नि इंग्लिश बोलतात, सासूबाईंना दोन्ही येत नाही, म्हणून कन्नड शाळेत जाणारा माझा १२ वर्षांचा मुलगा मधे बोलतो. परवा एकादशीला सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेतल्या आणि दुपारी घाम फुटून थरथरायला लागल्या. नंतर डॉक्टरांनी विचारलं गोळ्या वेळेवर घेता ना, ह्या म्हणाल्या हूं, झालं. उपासाचा विषयच निघाला नाही. डॉक्टर बदलू का?

उत्तर: बदलायची घाई नको, मराठी डॉक्टरापुढेही त्या हूंच म्हणतील बघा. मोठ्या माणसाला उलट कसं विचारायचं, बाहेर एवढी लाईन आहे, हे सगळं त्या हूंमधे असतं आणि डॉक्टरांना वाटतं कळलं. म्हणून पुढच्या वेळी तुम्हीच म्हणा, डॉक्टर, त्यांना काय समजलं ते त्यांच्याकडून एकदा वदवून घ्या, कुठली गोळी कधी, जेवणाआधी की नंतर. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

नातवाला मधे घालू नका. लघवीच्या जागी खाज येते (शुगरमधे हे पुष्कळ होतं) हे कुठली आजी नातवाच्या तोंडून सांगेल? दवाखान्यात मराठी-कन्नड दोन्ही येणारी सिस्टर बहुतेक सापडतेच, तिला बोलवा, संकोच करू नका, रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळायला हवी हे मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत आहे.

आणि उपास नुसता ‘उपास’ म्हणून सांगू नका. डॉक्टरांना वाटेल दिवसभर काहीच नाही, आणि आपल्याकडे संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी नि रताळी, म्हणजे सकाळी शुगर खाली आणि रात्री वर! किती वाजता काय खातात ते सांगा. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलं की शुगर उतरते, तेव्हा उपासाच्या दिवशीचा डोस आधीच विचारून घ्या, मनाने बंद नको. परत घाम-थरथर झाली तर शुद्धीत असताना लगेच ३ चमचे साखर पाण्यातून द्या, उपास मोडला तरी चालेल, १५ मिनिटांनी मशीनवर बघा, ७० च्या खाली असेल तर परत द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन.