पोरगा घरी आहे, पण घरात नाही

"मुलगा आयटीत आहे, वर्क फ्रॉम होम म्हणून गावीच असतो, पण दिवसरात्र मोबाइल नाहीतर लॅपटॉप. व्यसन लागलंय का हो मॅडम?" जळगावात माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणारे आई-वडील आता इतके वाढलेत की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

कुटुंब अमळनेर तालुक्यातलं, शेतीवालं. तिकडे आयटीचं कौतुक जरा जास्तच, कारण विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरलाच झाली, तीही तेलाच्या कारखान्यापासून, आणि विप्रोच्या शेअर्सच्या गोष्टी तिथे घरोघरी ऐकायला मिळतात. (हा मुलगा त्या कंपनीत नाही, हे आधीच सांगते.) आई आल्या आल्या म्हणाली, "पोऱ्या घरमा शे, पण घरमा नही." जेवताना फोन ताटाशेजारी, आंघोळीला जाताना फोन बाथरूमच्या खिडकीत, मामाच्या मुलीच्या हळदीत हा गाडीत बसून लॅपटॉप उघडून, आणि भरीत पार्टीत वांगी भाजली जात असताना हा नेटवर्क शोधत बांधावर फिरत होता. शेतात तर यायचंच बंद. लग्नाचा विषय काढला की "थोडं काम कमी होऊ दे". हे थोडं म्हणजे किती ते त्यालाही माहीत नाही.

व्यसन हा शब्द आपण फार पटकन वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण तिथेही स्वतःवरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर दिसणं, असं सगळं बघतात. नुसते जास्त तास स्क्रीनसमोर म्हणजे व्यसन असं होत नाही. म्हणून मी मुलाला एकट्याला विचारलं, फोनवर नेमकं काय बघतोस? तर काहीच नाही, म्हणे, फोन वाजतोय का एवढंच बघतो.

मग कळलं की तो ऑन-कॉल असतो. सिस्टीम बिघडली की फोनवर अलर्ट येतो, काही मिनिटांत "मी बघतोय" असं दाबायचं, नाही दाबलं तर तो अलर्ट पुढच्या माणसाकडे आणि मग मॅनेजरकडे जातो. आठवडाभर हा, मग टीममधले बाकीचे, मग परत हा. क्लायंट न्यूयॉर्कचा. तिकडे दुपारचे तीन वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि थंडीत तिकडे घड्याळं तासभर मागे करतात, तेव्हा दीड. म्हणजे त्यांची भर दुपार ती आपली मध्यरात्र.

पुढच्या वेळी सगळ्यांना एकत्र बसवून मुलालाच हे सांगायला लावलं. आई गप्प. वडील, म्हणजे आप्पा, मात्र एकदम सरळ बसले, "हाई ते लाईटनी पाळी शे ना मंग!" शेतीपंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा कधी रात्री येते, रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला पाणी भरायला मध्यरात्री बॅटरी घेऊन निघायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं. माझ्या अर्ध्या तासाच्या समजावण्याने झालं नसतं ते त्या एका वाक्याने झालं. आणि मग त्यांनीच विचारलं, "पण पाळी नसते तेव्हा आम्ही झोपतो, तू का नाही झोपत?"

खरी गोम इथे होती. पाळी नसलेल्या आठवड्यातही तो तसाच, फोन खिशात नसला तरी मांडीवर थरथरल्यासारखं वाटायचं, रात्री दोनदा उठून स्क्रीन बघायचा. शरीराला सुट्टी लागलीये हे कोणी कळवलंच नव्हतं. घरचेही बारा महिने तो ड्युटीवरच आहे असं धरून चालायचे, त्यामुळे रागही बारा महिने.

उपाय साधेच ठेवले. ऑन-कॉलचं वेळापत्रक फ्रिजवर. अलर्टला वेगळी रिंगटोन आणि बाकी फोन रात्री डू नॉट डिस्टर्बवर, म्हणजे प्रत्येक टिंग ऐकून उठायला नको. पाळी नसेल त्या आठवड्यात फोन घरी ठेवून आप्पांसोबत शेतात, आधी तासभर, मग दुपारपर्यंत. पहिल्या वेळी तो अर्ध्या तासात परत आला होता, आणि ते चालतं, बेचैनी हळूहळूच उतरते. रात्री दोन तास काम झालं तर सकाळी उशिरा लॉगिन करायची परवानगी माग असंही सांगितलं, ते मागायला त्याला सगळ्यात जड गेलं. मॅनेजरने मीटिंग नसेल त्या दिवसांपुरतं मान्य केलं. आईला एकच काम, पाळीच्या आठवड्यात "परत फोन?" म्हणायचं नाही, पण पाळी नसताना ताटाशेजारी फोन दिसला तर बिनधास्त उचलून ठेवायचा. हे काम तिने फारच मनावर घेतलं.

झोप आता बरी आहे, पूर्ण नाही. असंच कुणाच्या घरी असेल तर एक बघा, आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त, तीन महिने झोप लागत नसेल, किंवा झोपेसाठी दारू सुरू झाली असेल, तर डॉक्टरांकडेच न्या. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

लग्नाचं म्हणाल तर मुली बघणं सुरू झालंय आणि रात्री फोन वाजतो हे तो पहिल्याच भेटीत सांगतो, एका घरातून त्यावरून नकारही आला. ऑन-कॉल नसलेल्या टीममध्ये जायचं का हे अजून ठरत नाहीये, कारण ऑन-कॉलचा भत्ता पुण्यातल्या फ्लॅटच्या हप्त्यात जातो आणि तो फ्लॅट त्याने घेतला कारण मुलीकडचे पुण्यात घर आहे का विचारतात. पुढच्या भेटीला आई-वडिलांना पासबुक आणि लोनचे कागद घेऊन यायला सांगितलंय.