मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गासाठी स्वतःचे व्हिडिओ-ऑडिओ बनवायला कुठून सुरुवात करू?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: तुम्ही दादरजवळच्या शाळेत सहावी-सातवीला भूगोल आणि विज्ञान शिकवता, संगणक कामापुरता येतो, वर्गात टीव्ही बसवलाय, आणि त्यावर दुसऱ्यांचे व्हिडिओ लावण्यापेक्षा स्वतः काही करावं असं मनात आहे. कोर्स लावू का, लॅपटॉप घेऊ का, असंही विचारलंय. मीही मुंबईतच मराठी शाळेत सातवी-आठवीला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोर्स आत्ता लावू नका. आधी टाचणवही उघडा आणि अशी एक जागा शोधा, जिथे दरवर्षी फळा आणि खडू कमी पडतात. पूर्ण पाठ नको, एकच जागा. ती आपल्याला नेमकी माहीत असते: शिकवताना मुलं माना डोलावतात आणि चाचणीत तोच प्रश्न कोरा सोडतात. तेवढ्यासाठीच दोन मिनिटांचं काहीतरी बनवा. त्यासाठी लागेल तेवढं सॉफ्टवेअर करता करता हाताला येतं आणि ते लक्षातही राहतं.

माझ्यासाठी अशी जागा म्हणजे सातवीच्या भूगोलातली भरती-ओहोटी. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत असल्याची आकृती फळ्यावर काढता येते, पण तिच्यात पाणी हलत नाही. आपली मुलं किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात, तरी एकाच दिवशी एकाच जागेवरून भरती आणि ओहोटी दोन्ही पाहिलेलं मूल क्वचित भेटतं. चौपाटीवर जाणं होतं ते संध्याकाळी, तासाभरासाठी. म्हणून मी दादर चौपाटीवर एक कठडा निवडला, ओहोटीला तिथून एक फोटो काढला आणि साधारण सव्वासहा तासांनी भरतीला त्याच जागी उभं राहून दुसरा. दुसऱ्या वेळी पहिला फोटो समोर ठेवून कडेची इमारत चौकटीत तिथेच येतेय ना, एवढं पाहायचं. दिवस अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या जवळचा घ्या, म्हणजे पाण्याच्या पातळीतला फरक डोळ्यांत भरतो. दोन्ही फोटो दोन लागोपाठच्या स्लाइडवर टाकले आणि वर्गात काही न बोलता पुढे-मागे करत राहिले. ‘बाई, एवढं पाणी गेलं कुठे?’ हा प्रश्न मुलांकडूनच आला. त्यानंतर फळ्यावरच्या आकृतीकडे वळलं की ती समजून घ्यायला वर्ग तयार असतो. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून दोन भरतींमध्ये बरोबर १२ तासांऐवजी साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, हे गणित मुलांनी स्वतः मांडलं.

तिथून वर्गातलं बोलणं दादर-परळच्या हिंदमाता या सखल भागाकडे वळलं. पावसाळ्यात तिथे पाणी का तुंबतं हा आपल्याकडच्या प्रत्येक मुलाचा प्रश्न आहे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सखल भागातल्या पाण्याला समुद्राकडे जायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्या दुपारी भरतीही मोठी होती. मुलांना सांगितलं, घरी कोणाला तो दिवस आठवत असेल तर त्यांची परवानगी घेऊन फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून आणा. एकीची आजी त्या रात्री कुर्ल्याहून घाटकोपरपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली होती. तिचं दीड मिनिटाचं बोलणं वर्गात लावलं आणि पुढचा सगळा तास मुलं भरतीच्या वेळा, पावसाचे आकडे आणि नकाशावरच्या सखल जागा यांबद्दलच बोलत होती. विकत मिळणाऱ्या कुठल्याही डिजिटल साहित्यात ही आजी नसते. आपण स्वतः का बनवायचं याचं माझ्याकडे हेच उत्तर आहे: मुलांचा परिसर, त्यांची माणसं आणि त्यांच्या बाईंचा आवाज त्यात असतो.

आता शिकायचं काय, ते सांगते. चित्राच्या आधी आवाज शिका. थोडं धूसर चित्र मुलं चालवून घेतात. आवाज घुमला किंवा मागे खडखडाट असला की त्यांचं लक्ष दुसऱ्याच वाक्याला उडतं. वेगळा माईक लागत नाही. पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसायचं, कारण कापड आवाज शोषून घेतं आणि रिकाम्या भिंती परतवतात. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरायचा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा फटकारा बसत नाही. आमचं घर रेल्वे रुळांपासून जवळ आहे, त्यामुळे मी पहाटे रेकॉर्ड करते. तुमच्याकडे कुकर, लोकल आणि शेजारचं बांधकाम यांतून जी वेळ मोकळी सापडेल ती तुमची. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिले पाच-सहा सेकंद अगदी गप्प राहा. ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात या शांत तुकड्यावरून खोलीच्या घरघरीचा नमुना घेता येतो आणि मग ती घरघर सगळ्या रेकॉर्डिंगमधून कमी करता येते. कापणं, जोडणं, आवाज वाढवणं आणि ही सफाई, एवढं ऑडॅसिटी आलं की वर्षभर पुरतं.

नुसत्या ऑडिओचाही खूप उपयोग होतो. सगळ्याच पालकांकडे भरपूर डेटा नसतो. ६४ केबीपीएसला (फाइल साठवताना निवडायचा आवाजाचा दर्जा) साठवलेली तीन मिनिटांची ऑडिओ फाइल सुमारे दीड एमबीची होते; ती कोणालाही जड जात नाही. कविता, प्रयोगाच्या सूचना, परीक्षेआधीची उजळणी यांना चित्र लागतच नाही.

बोलायचं ते आधी लिहून काढा, पण लिहिताना मोठ्यानं म्हणत लिहा. पाठ्यपुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं की आपला आवाजही पुस्तकी होतो. मी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर जात नाही, आणि प्रश्न विचारला की व्हिडिओत खरोखर थांबते. तिथे मी पडद्यावर ‘थांबा’ असं लिहिते आणि वर्गात व्हिडिओ बंदच करते. मुलांना बोलू देण्यासाठीची ही जागा आधीच ठरवून ठेवली नाही, तर टीव्ही लागला की वर्ग नुसता बघ्या होतो.

एक गोष्ट मात्र अभ्यासातून घ्यावी अशी आहे. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी शब्द आणि चित्रं मिळून शिकणं कसं घडतं यावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांतलं मला सर्वांत उपयोगी पडलेलं सूत्र असं: चित्र दाखवत तोंडी समजावत असाल तर तेच बोलणं शब्दशः पडद्यावर लिहू नका. डोळे वाचण्यात गुंततात आणि चित्र बघायचं राहून जातं. चित्राला फक्त नावं द्या: ‘चंद्र’, ‘भरती’, ‘ओहोटी’. मागे संगीत आणि कोपऱ्यात नाचणारी कार्टून हीसुद्धा काढून टाका. लांबीबद्दल सांगायचं, तर २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरचे व्हिडिओ लोक कसे बघतात याचा मोठा अभ्यास झाला, त्यात सहा मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओ सर्वांत चांगले पाहिले गेले. ते स्वतःहून शिकायला आलेले लोक होते. आपल्या ३५ मिनिटांच्या तासात, समोर भरलेला वर्ग असताना, दोन-तीन मिनिटं भरपूर झाली.

व्हिडिओसाठी सर्वांत सोपी रीत म्हणजे वरून खाली बघणारा फोन. टेबलाच्या कडेला पुस्तकांची चळत रचायची, तिच्या वर फोन असा ठेवायचा की कॅमेरा कडेबाहेर येईल, आणि खाली पांढऱ्या कागदावर स्केचपेननं आकृती काढत बोलायचं. फोन निसटू नये म्हणून त्याच्यावर आणखी एक जड पुस्तक ठेवा. उजव्या हातानं लिहीत असाल तर खिडकी डावीकडे हवी, नाहीतर हाताची सावली आकृतीवर पडते. तुमचा चेहरा दिसण्याची काहीही गरज नाही. कॅमेऱ्याचा संकोच वाटतो असं तुम्ही लिहिलंय. कागदावर चालणारा हात आणि ओळखीचा आवाज मुलांना पुरतो.

मराठी अक्षरांचा त्रास तुम्हाला होणार, म्हणून आधीच सांगते. फोनवरच्या काही व्हिडिओ ॲपमध्ये देवनागरी तुटतं: जोडाक्षरं सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, ‘दुसऱ्या’ किंवा ‘वऱ्हाड’ मधला र विचित्र दिसतो. अशा ॲपशी झगडू नका. अक्षरं स्लाइडवर युनिकोड फॉन्टमध्ये लिहा, स्लाइड चित्र म्हणून साठवा आणि ते चित्र व्हिडिओत घाला. मुक्त आणि बलू हे मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेले फॉन्ट मोफत आहेत आणि लांबूनही नीट वाचता येतात. अक्षरं मोठी, पार्श्वभूमी फिकट, आणि शाळेत जाऊन शेवटच्या बाकावर बसून एकदा बघायचं. पडद्यावर उन्हाची तिरीप येत असेल तर घरी सुंदर वाटलेला फिका पिवळा रंग तिथे दिसतच नाही.

आजकाल यंत्राच्या आवाजात वाचून देणारी साधनं आहेत, ती वापरू का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेलच. मी वापरत नाही. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च यांतला फरक यंत्र कधी पाळतं, कधी चुकवतं, आणि सातवीतल्या मुलांच्या कानावर चुकीचा उच्चार आपल्याच वर्गातून जावा हे मला पटत नाही. यंत्रानं काढून दिलेला नकाशा तर वर्गात दाखवूच नका. भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असल्या पाहिजेत.

सगळंच स्वतः बनवायला हवं असंही नाही. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं साहित्य उघडतं. आपली अडलेली जागा तिथे नीट समजावलेली असेल तर तेच वापरा आणि आपला वेळ दुसरीकडे द्या. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, आहेत, त्यांतली अनेक मराठीत आहेत आणि मुलांना स्वतः हाताळता येतात. पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवून त्यातून कविता ऐकवण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी राबवली होती. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं. त्यांचं काम मी पुन्हा पुन्हा आठवते, कारण त्याची सुरुवात आपल्या वर्गातल्या मुलांपासून झाली होती.

दोन बाबतींत काटेकोर राहा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात दुसऱ्याचं साहित्य वापरायची मोकळीक देतं, पण तसं साहित्य घातलेला व्हिडिओ यूट्यूबवर चढवणं ही निराळी गोष्ट आहे. बाहेर टाकायचं असेल तर चित्रं विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्याच्या चित्रांच्या संग्रहातून घ्या आणि परवान्यात सांगितल्याप्रमाणे श्रेय द्या. दुसरं, मुलांचे चेहरे आणि नावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. मी लेखी संमती घेते आणि तरीही शक्यतो हात, वही आणि आवाजच घेते. त्या आजींचं रेकॉर्डिंगही वर्गाबाहेर गेलेलं नाही.

पालकांच्या ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. शाळेत इंटरनेटवर विसंबू नका, पेन ड्राइव्ह बरोबर ठेवा आणि फाइल त्या टीव्हीवर आदल्या दिवशी लावून बघा.

लॅपटॉपचं म्हणाल, तर पहिले चार-पाच तुकडे फोनवरच करा. नंतर पडद्यावरचं रेकॉर्ड करायचं असेल, म्हणजे जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती फिरवत समजवायचं वगैरे, तर ओबीएस स्टुडिओ लागेल; तेही मोफत आहे आणि शाळेच्या संगणक कक्षातल्या ठीकठाक संगणकावर चालून जातं. ही मोफत सॉफ्टवेअर शिकायला पैसे भरू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात चित्रांसाठीची जिंप आणि इंकस्केप, लिखाण-स्लाइडसाठीचं लिबरऑफिस अशा साधनांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत, त्यांतले बरेच मराठी आवाजात. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर उघडून, थांबवत थांबवत करायचे. संगणक कक्ष तुम्हाला शाळा सुटल्यावर तासभर मिळतोय का, हे आधी मुख्याध्यापकांना विचारा. मिळत असेल तर यंदा लॅपटॉप घेऊच नका. आणि तुमची अडलेली जागा कोणती ते इथे खाली लिहा. भूगोलातली असेल तर काय दाखवता येईल ते मी सुचवेन.