रेफ्युजी मुलांच्या समर स्कूलमध्ये एकच आठवडा झालाय, सोडू का?

या आठवड्यात आलेलं पत्र थोडक्यात देते. "ताई, मी एज्युकेशनमध्ये मास्टर्स करतेय. सुट्टीत सहा आठवडे नव्याने आलेल्या रेफ्युजी मुलांच्या समर स्कूलमध्ये असिस्टंट टीचर म्हणून लागलेय. पहिला आठवडा संपला आणि मी रोज घरी येऊन रडतेय. नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, त्याने पाच दिवसांत तोंडातून एक शब्द काढलेला नाही. परवा मी सगळ्यांना 'माझं घर' असं चित्र काढायला दिलं तर एक मुलगी टेबलाखाली जाऊन बसली ती बाहेरच येईना. मला याच क्षेत्रात करिअर करायचं होतं पण आता वाटतंय की माझ्यात ते नाहीचे. सोडून देऊ का? आणि नाही सोडलं तर यात पुढे नोकऱ्या तरी आहेत का?"

अगं, आधी श्वास घे. सोडू नकोस, निदान या कारणासाठी तरी नको. पाच दिवसांत कोणाचंही काही ठरत नाही, त्या मुलाचंही नाही आणि तुझंही नाही.

त्या मुलापासून सुरू करते. नवीन भाषेत येऊन पडलेली मुलं बऱ्याचदा सुरुवातीला गप्प असतात, याला सायलेंट पिरियड म्हणतात, काही मुलं काही आठवडे गप्प राहतात तर काही चक्क काही महिने. या काळात मूल रिकामं बसलेलं नसतं, ते ऐकत असतं, कोण रागावतं कोण नाही, कुठल्या आवाजानंतर सगळे उठतात, 'बस' आणि 'ये' यात फरक काय, सगळं साठवत असतं. त्यामुळे तो बोलतो का हे बघू नकोस, त्याला कळतंय का ते बघ. "लाल खडू दे" म्हटल्यावर तो लाल खडू देतो ना? मग चाललंय त्याचं. बोलावंच लागणार नाही अशी उत्तरं मागायची, बोट दाखव, उभा राहा, कार्ड उचल, हो-नाहीला मान हलव. आणि कृपा करून सगळ्यांसमोर "बोल ना रे, एकदा तरी बोल" करू नकोस, त्याने मूल अजून आत जातं. (तो खेळताना किंवा घरीसुद्धा, स्वतःच्या भाषेतही अजिबात बोलत नसेल तर मात्र ते वेगळं, तेव्हा शाळेच्या काउन्सेलरला सांगायचं.)

आता त्या चित्राचं. तुझा हेतू चांगला होता गं, पण विषय चुकला. घर, माझं कुटुंब, सुट्टीत काय केलं, मोठेपणी कोण होणार, हे आपण ट्रेनिंगमध्ये शिकलेले सगळे सेफ विषय या मुलांसाठी सेफ नसतात, कारण घर राहिलेलंच नसतं किंवा कुटुंबातलं कोणीतरी अजून वाटेत कुठेतरी असतं. सोमवारी त्या मुलीला काही विचारू नकोस, सॉरीचं भाषणही नको, फक्त तिच्या शेजारी जाऊन बस आणि तिला निवड दे, प्राणी काढायचा की नुसते रंग भरायचे. मुलाला स्वतःहून काही काढायचं किंवा सांगायचं असेल तर ते येऊ दे, आपण खणायला जायचं नाही. आपण थेरपिस्ट नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि इतर काही संस्थांनी २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक गाईड काढली होती, त्यात तीन क्रियापदं आहेत, बघा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या, आणि तुझ्या रोलमधल्या माणसासाठी तेवढं पुरे. एखाद्या मुलाने काही गंभीर सांगितलंच तर "कोणाला नाही सांगणार" असं प्रॉमिस करायचं नाही, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी द्यायचं.

मग तू करायचं काय? खरं सांगू, बोअरिंग कामं. भिंतीवर दिवसाचं चित्रांचं टाइमटेबल लाव आणि एक गोष्ट संपली की तिचं चित्र उलटं कर, पुढे काय होणारे हे माहीत असणं ही या मुलांना कित्येक महिन्यांत न मिळालेली चैन असते. फायर ड्रिल असेल तर आदल्या दिवशी चित्राने सांग आणि त्या दिवशी पुन्हा सांग. फुगे नकोत, फुटल्याच्या आवाजाने मुलं दचकतात. दाराजवळची जागा ज्याला हवी त्याला दे. नाव नीट म्हणायला शीक, आईबाबांकडून फोनवर रेकॉर्ड करून घे आणि घरी प्रॅक्टिस कर, उगाच सोपं टोपणनाव ठेवू नकोस, कारण सोबत आणता आलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ते नाव एक असतं. आणि पहिल्या आठवड्याची वाक्यं रंग-फळं-प्राण्यांची नकोत, "मला टॉयलेटला जायचंय", "मला कळलं नाही", "परत सांगा", "थांब, मला नाही आवडत", ही आधी शिकव. सप्टेंबरमध्ये मोठ्या शाळेत गेल्यावर 'जिराफ' हा शब्द कामाला येत नाही.

माझी एक फजिती सांगते. मी अशाच एका वर्गाला शिकवत होते तेव्हा दहा वर्षांची एक मुलगी बेरजा धडाधड करायची आणि सगळ्या चुकीच्या. सात अधिक आठ, उत्तर दहा. मी लाल पेनाने फुल्या मारत गेले, ती माझ्याकडे बघत राहिली. दोन दिवसांनी सोबतच्या दुभाष्या बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, अहो हे दहा नाही पंधरा आहे, अरबी लिपीत पाच हा आकडा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मी तर मराठी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो म्हणून लहानपणी मार खाल्लेली बाई, तरी मला सुचलं नाही! तिला गणित माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. तेव्हापासून कोणाची वही उजवीकडून उघडते, कोण कुठले आकडे लिहितं हे मी पहिल्याच दिवशी बघते. उलटही असतं बरं का, बारा वर्षांचा मुलगा कधी वर्गात बसलेलाच नसतो, पेन्सिल कशी धरायची तेही माहीत नसतं, आणि आपण समजतो भाषेचा प्रॉब्लेम आहे. वय, भाषा आणि शिक्षण हे तीन वेगळे धागे आहेत, त्यांची गाठ मारू नकोस. बारा वर्षांच्या मुलाला बाळांची गोष्टीची पुस्तकं तर अजिबात देऊ नकोस, त्याला कळतं की आपल्याला बाळ समजतायत.

सहा आठवड्यांत भाषा येईल ही अपेक्षाही काढून टाक. जिम कमिन्स नावाचे भाषाशिक्षणाचे संशोधक आहेत, त्यांनी १९७९ मध्ये बोलायची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. मैदानावर गप्पा मारण्याइतकी भाषा साधारण २ वर्षांत येते पण इतिहास-विज्ञानाचा धडा समजण्याइतकी यायला ५ ते ७ वर्षंही लागतात. म्हणून मुलांना वर्गात एकमेकांशी स्वतःच्या भाषेत बोलू दे, ती भाषा शिकण्यातला अडथळा नसते, शिडी असते. फक्त मुलांनाच घरच्यांसाठी दुभाषी करू नकोस, फॉर्म, आजारपण, पैसे यांचं ओझं लेकरांच्या डोक्यावर नको.

आता करिअर. काम आहे, भरपूर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या म्हणजे यूएनएचसीआरच्या गेल्या काही वर्षांच्या आकड्यांनुसार शाळेच्या वयाची साधारण निम्मी रेफ्युजी मुलं शाळेबाहेर आहेत, आणि हे १९५१ च्या निर्वासित कराराच्या कलम २२ मध्ये प्राथमिक शिक्षण स्थानिक मुलांसारखंच द्यायचं असं लिहिलेलं असताना. पण काम आहे म्हणजे पक्की नोकरी आहे असं नाही हं. तीन रस्ते दिसतात मला. एक, शाळेतच राहून दुसरी भाषा शिकवण्यात स्पेशलाइज करायचं, हा सगळ्यात स्थिर, त्या-त्या देशाचं टीचिंग लायसन्स मात्र लागतं. (सेल्टा कोर्सबद्दल कोणीतरी सांगेलच, तो साधारण १२० तासांचा चांगला कोर्स आहे पण मोठ्यांना इंग्रजी शिकवण्यासाठीचा, मुलांसाठी तेवढ्यावर थांबू नकोस.) दोन, स्कूल काउन्सेलिंग किंवा स्कूल सायकॉलॉजी, अभ्यास लांबलचक, सुपरव्हिजन लागते. तीन, आपत्कालीन शिक्षण, म्हणजे युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन, नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल अशा संस्थांमधलं काम. इथे कॉन्ट्रॅक्ट बहुतेक छोटे असतात, फंडिंग आटलं की प्रोजेक्ट बंद, आणि तू मुलांना कमी आणि एक्सेल शीटला जास्त भेटशील. या क्षेत्राचं आयएनईई नावाचं नेटवर्क २०००पासून आहे, त्यांचे किमान निकष २००४ मध्ये आले आणि २०२४ मध्ये सुधारले, ते फुकट वाचता येतात, इंटरव्ह्यूआधी नक्की वाच.

माझं मत विचारशील तर पहिला रस्ता धर, दोन-तीन वर्षं रेग्युलर वर्ग घे, मग बाकीचे बघ. ज्याला तीस मुलांचा साधा वर्ग सांभाळता येत नाही त्याला तंबूतली शाळा काय सांभाळता येणार. आणि कळवळा आहे का हे स्वतःला विचारत बसू नकोस, तो आहेच, रडतेयस ना. विचार हे की रोज सकाळी ती चित्रांची पट्टी लावायचा कंटाळा येतो का.

रडण्याचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. दुसऱ्यांचं दुःख अंगाला लागतं, झोप उडायला लागली तर को-ऑर्डिनेटरशी बोल, त्यात कमीपणा नाही. रोज दहा ओळी लिहून ठेव, आज काय करून बघितलं, काय चाललं, काय नाही, पुढे हाच तुझा पोर्टफोलिओ होतो.

शेवटचा दिवस कधी आहे हे मुलांना आत्तापासून कॅलेंडरवर दाखव आणि रोज एक खूण कर, अचानक नाहीशी होणारी माणसं त्यांनी खूप बघितलीत. "मी भेटायला येईन" असं येणार नसशील तर म्हणू नकोस. आणि ग्रुप फोटो इन्स्टावर टाकायचा नाही, कितीही गोड आला असला तरी, मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्यातून खरंच त्रास होऊ शकतो.

तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा काय करतोय ते मला कळव, नाव न लिहिता.